तोमाजींची शांतता

शांतता ही काही किराणा दुकानात मिळणारी वस्तू नव्हे, एवढं मृदुलाला माहीत होतं. पण ती पिंपरीच्या संत तुकाराम नगरात कुठल्याच दुकानात मिळत नाही, हे कळायला तिला एक परदेशी माणूस घरात आणून ठेवावा लागला.

त्याचं असं झालं. घराची वरची खोली सासूबाई गेल्यापासून रिकामी होती. रिकामी म्हणजे चारचौघांच्या घरात एखादी खोली जितकी रिकामी असू शकते तितकी. तीन जादा गाद्या, गणपतीचं मखर, इराचा पाळणा आणि सासरे सुरेंद्र कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा भेट म्हणून आलेली सात भिंतीवरची घड्याळं. ही खोली एका विमा एजंटाला ऑफिससाठी हवी होती. अकरा महिन्यांचा करारनामा टाइप होऊन जेवणाच्या टेबलावर फुलदाणीखाली येऊन पडला होता. सहीच तेवढी बाकी होती.

आणि नेमकी तीच खोली मृदुलाला हवी होती. इरा व्हायच्या आधी ती चाकणच्या एका कंपनीत ॲडमिनला होती. परदेशातून मशीन बसवायला येणाऱ्या माणसांची राहण्याची सोय लावणं हे तिचं काम. कुणाला टणक उशी लागते, कुणाला सकाळी सहाला कॉफी लागते, कोण अंघोळीला बादली पाहून दचकतो, सगळं तोंडपाठ. मग इरा आली, नोकरी सुटली, आणि आता इरा तीन वर्षांची झाली तरी मृदुलाच्या हातांना रिकामपण सोसवेना. तेच काम घरी केलं तर? पोरगी पायाशी खेळेल आणि आपल्याला आपलं असं काहीतरी राहील. तिनं खोली घासली, रंगवली, नवे पडदे लावले, आणि गाद्या, मखर, पाळणा, घड्याळं हे सगळं नवऱ्याच्या, म्हणजे स्वानंदच्या बाजूच्या पलंगाखाली सरकवलं.

सुरेंद्रांनी जन्मभर कारखान्यात मशीनं 'ट्रायल'वर घेतली होती. त्यांनी सुनेलाही ट्रायलवर घेतलं.

"एक पाहुणा पंधरा दिवस टिकवून दाखव. टिकला तर खोली तुझी. मधेच उठून गेला तर विमावाला."

जुन्या कंपनीतली मैत्रीण अनुया धावून आली. तिनं फोन केला, "एक तोमाज म्हणून आहे. स्लोव्हेनियाचा. अठ्ठावन्न वर्षांचा, कंपनीत प्रेसचं मशीन बसवायला आलाय. हायवेवरच्या हॉटेलात दोन रात्री काढल्या आणि कंटाळला. त्याचं फार काही म्हणणं नाही गं. स्वस्त चालेल, साधं चालेल, शहराबाहेर चालेल. फक्त शांत हवं म्हणाला."

"शहराबाहेर?" मृदुलाला जरा लागलंच.

"त्याच्या नकाशात पुणं म्हणजे शहर. आपण कडेला."

सोमवारी तोमाज आला. उंच, टक्कल पडलेला, दारातच बूट काढून हातात धरून उभा राहिला. शेजारच्या विमलबाई तेव्हा कढीपत्ता मागायला आलेल्या. त्या मूळच्या भोसरीच्या, जमिनी कारखान्यांत गेल्यावर इकडं राहायला आलेल्या. त्यांनी नाव विचारून घेतलं आणि निकाल दिला, "तोमाजी म्हंजी आपल्यातलंच हाय की." तेव्हापासून गल्लीत ते तोमाजी झाले. कुणी कुणी तोमाजीराव.

परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत पोलिसांकडं फॉर्म भरावा लागतो. मृदुलानं तो कंपनीत शंभर वेळा भरला होता, पण हॉटेलच्या नावानं. इथं जागेचा प्रकार विचारणाऱ्या यादीत हॉटेल होतं, वसतिगृह होतं, धर्मशाळाही होती. सासऱ्यांच्या घराची वरची खोली नव्हती. शेवटी ती इराला कडेवर घेऊन चौकीत गेली.

"पाहुणा आहे का भाडेकरू?" हवालदारांनी विचारलं.

"पाहुणा. पैसे देणारा."

"पैसे देतो तो पाहुणा कसा काय, मॅडम?"

"जेवायला पण आमच्याकडेच आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "जेवायला घालता, पैसे घेता, आणि पाहुणा म्हणता. मग आमच्या मेव्हण्याला काय म्हणायचं?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर नसल्यामुळं त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी वरच्या साहेबांना विचारलं, आणि तेविसाव्या तासाला शिक्का बसला. इरानं तोवर चौकीतल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून पाहिलं होतं.

ही सोपी बाजू. अवघड होतं ते शांततेचं.

तोमाज दुसऱ्या शिफ्टला जायचा. कंपनीची गाडी दुपारी अडीचला न्यायची आणि मध्यरात्रीनंतर आणून सोडायची. म्हणजे त्याची झोप सकाळची, आणि सकाळ ही संत तुकाराम नगराची आवाजाची वेळ. त्यातून पाणी दिवसाआड. पाण्याच्या दिवशी पहाटे पावणेपाचला गल्लीतल्या बावीस घरांच्या मोटारी एकदम सुरू होतात. मग दूधवाला, मग कचऱ्याची गाडी आपलं गाणं लावून, मग कुकर, मग मिक्सर, मग हातगाडीवर स्पीकर बांधलेला खंडू भाजीवाला. मृदुलानं पहिल्याच सकाळी उशीवर पडल्या पडल्या हे सगळं परक्या कानांनी ऐकलं आणि तिला धाप लागली.

ती घरापासून सुरू झाली. कुकर बंद, मिक्सर बंद. पाणी मोटारीनं न चढवता स्वानंदनं बादलीनं वर न्यायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मृदुलानं ठरवलं. स्वानंदनं अठरा बादल्या नेल्या. एकोणिसाव्या बादलीला त्याच्या पाठीतून जो आवाज आला, तेवढाच त्या सकाळी घरात झाला. त्यानंतर तो प्रश्नचिन्हासारखा वाकून चालू लागला.

मग तिनं दुपारी घरातच चटया टाकून गल्लीची सभा बोलावली. विमलबाईंचे यजमान अर्जुनराव न बोलावताच अध्यक्ष झाले.

"हे बघा, पावण्याची झोप म्हंजी गावाची अब्रू," ते म्हणाले. "त्यो उद्या तिकडं जाऊन सांगंल, पिंपरीत झोपू दिलं न्हाई मला. चालंल का आपल्याला?"

चालणार नव्हतं. गल्ली एकदम पेटून उठली. ज्या गल्लीत पार्किंगवरून तीन वर्षं एकमत झालं नव्हतं, तिथं दहा मिनिटांत ठराव झाला. मोटारी अडीचनंतर. टीव्ही बिनआवाजाचा. कुत्र्यांना पुढच्या चौकात नेऊन बिस्किटं. खंडूनं स्पीकर बंद ठेवायचा. खंडूनं ठेवलाही. पण आवाज नाही म्हटल्यावर गिऱ्हाईकाला कळणार कसं? म्हणून तो दारोदार येऊन, इकडं तिकडं बघून, कानाशी कुजबुजू लागला, "मेथी आहे." बायाही पदराआडून दोन बोटं दाखवायच्या आणि दोन जुड्या आत ओढून घ्यायच्या. बघणाऱ्याला वाटावं की इथं मेथीवर बंदी आहे.

राहिली कचऱ्याची गाडी. त्यासाठी मृदुला अर्ज घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेली. तिथल्या क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला.

"गाडी येत नाही म्हणून तक्रार आहे?"

"येते. गाणं लावते."

"गाणं लागत नाही अशी तक्रार घेता येते. लागतं अशी नाही घेता येत." मग तो जरा पाघळला. "ताई, गाणं नाही लावलं तर लोक कचरा आणत नाहीत. कचरा नाही आणला तर माझी बदली होते. तुमच्या पाहुण्यासाठी मी गडचिरोलीला जाऊ का?"

शेवटी अर्जुनरावच रोज सकाळी चौकात उभे राहून गाडीवाल्याला चहा पाजत आणि गाणं बंद करून गाडी गल्लीत आणत. लोक कचऱ्याचे डबे घेऊन दोन्ही बाजूंना गप उभे राहत.

सगळ्यात नाजूक प्रश्न घरातलाच होता. सुरेंद्र पहाटे पाचला उठून बाहेरच्या मोरीत खाकरायचे. साधं खाकरणं नव्हे. तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये मशीनच्या वरताण बोलून कमावलेला तो गळा होता. त्यावर मागच्या गल्लीतले लोक घड्याळं लावत. मृदुलानं एका शब्दानंही काही म्हटलं नव्हतं. पण अर्जुनराव सभेत म्हणून गेले, "आन् काका, तुमचं तेवढं बगा." बुधवारी सकाळी सुरेंद्रांनी पिशवीत दोन बंड्या, दाढीचं सामान आणि चष्म्याचं घर भरलं.

"बाबा, असं काय करताय? राहा ना."

"नाही गं. भोसरीला धाकट्याकडे जातो. ट्रायल मी लावलीय. माझ्यामुळं फेल झाली असं नको व्हायला." आणि ते आवाज न करता फाटक ओढून निघून गेले. मृदुलाला वाटलं, त्यापेक्षा ते फाटक आपटून गेले असते तर बरं झालं असतं.

स्वयंपाकाचंही तसंच झालं. मिक्सर नाही म्हणजे वाटण नाही. कुकर नाही म्हणून डाळ अर्धीकच्ची, भात पातेल्यातला, पेजेसारखा. फोडणी चुरचुरते म्हणून तीही मंद. दुपारी एकला तोमाजी खाली येऊन बसले की त्यांच्या पानात मऊ भात, उकडलेला बटाटा, पिवळं पाणी. ते सगळं संपवायचे, हात जोडायचे, आणि पायऱ्या चढताना शेवटच्या पायरीपर्यंत चवड्यांवर जायचे. विमलबाईंना ते बघवेना. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार मागच्या रस्त्याला. तिथून त्या रोज झाकलेलं पातेलं आणायच्या. "घाल त्यास्नी. आजाऱ्यागत जेवतोय त्यो." पण मृदुला ते पातेलं फ्रीजमध्ये ठेवायची. तिखट लागलं, पाहुणा बिथरला, तर?

अडीचला गाडी वळली रे वळली की मात्र गल्लीत दिवाळी. बावीस मोटारी, बावीस मिक्सर, टीव्ही, भांडणं, सगळं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर. तोमाजींच्या कानावर त्यातलं काहीच नाही. ते तेव्हा भोसरीच्या पुढं पोचलेले असत.

आठव्या दिवशी सकाळी इरा पायरीवरून घसरली. गुडघा खरचटला. मृदुला धावली. पोरीचं तोंड उघडलं, ओठ थरथरले, डोळे भरले, आणि तिनं आवाज काढायच्या आधी आईकडं पाहिलं. रडू का, असं विचारल्यासारखं. मग आपल्याच हातानं आपलं तोंड दाबलं.

मृदुलानं तिला उचलून घट्ट धरलं. सात दिवस राहिलेत, तिनं स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी दुपारभर तिला पडदे, चादरी, नवा रंग, काही म्हणता काही चांगलं दिसेना.

तिकडं चाकणला वेगळंच शिजत होतं. हे मृदुलाला नंतर कळलं. तोमाजच्या हाताखाली अजिंक्य म्हणून एक तरुण इंजिनियर होता. मनानं सरळ, संस्कारानं पक्का. तोमाजनं त्याला भीतभीत विचारलं, तुमच्याकडं घरं नेहमी अशी असतात का? सगळे कुजबुजतात. चुलीवर काही धड शिजत नाही, शेजारीण झाकून जेवण आणून देते. लोक येतात, जमिनीवर बसतात, मान खाली घालून जातात. मुलगा दुःखानं वाकून गेलाय. लहान मुलगीसुद्धा हसत नाही. पहिल्या दिवशी घरात एक म्हातारे गृहस्थ होते, ते आता नाहीत. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, हार घातलेला.

फोटो सुरेंद्रांच्या निरोप समारंभाचा होता. हार फोटोच्या आत होता, बाहेर नव्हे. पण हा बारकावा स्लोव्हेनियात कुणाला समजणार? आणि ज्याला समजला असता त्या अजिंक्यनं फोटो पाहिलेला नव्हता. त्यानं दोन मिनिटं विचार केला आणि हातातला पाना खाली ठेवला.

"सर, त्या घरात सुतक आहे. घरात कुणी वारलं की आमच्याकडं असं असतं."

तोमाज हादरला. अशा घरात आपण दहा दिवस पाहुणचार घेत बसलो. त्यानं अनुयाला सांगितलं, मला हॉटेलात हलवा, ट्रकच्या आवाजात झोपेन, पण या लोकांना मोकळं रडू दे. अनुयानं मृदुलाला तीनदा फोन लावला. फोन अर्थातच सायलेंटवर होता. अशी गोष्ट मेसेजमध्ये कशी विचारणार, म्हणून तिनं नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मृदुलाला वाटलं, आभार मानतेय. तिनंही हात जोडून पाठवले.

अकरावा दिवस, गुरुवार, कंपनीची सुट्टी. सकाळी दहाला मृदुला केर काढायला गेली तर जिन्याच्या पायथ्याशी तोमाजची बॅग. कुलूप लावलेली. झाडू तिच्या हातातच राहिला. चारच दिवस उरले होते. टेबलावर फुलदाणीखाली करारनामा पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू फडफडत होता.

तेवढ्यात फाटकातून अनुया आणि पांढरा शर्ट घातलेला अजिंक्य आत आले. पायातलं लांब काढलं. सोफा सोडून चटईवर बसले. अजिंक्यच्या हातात पानात बांधलेला पुडा होता. मृदुलाला वाटलं, तक्रार घेऊन आलेत, आणि सांगायचं कसं म्हणून गप्प आहेत.

अनुयानं तिचा हात हातात घेतला. "कळवायचं तरी मृदुला. इतकी का परकी मी?"

"काय कळवणार? मला वाटलं, निभेल."

"निभतंय कसलं. तोंड बघ कसं झालंय तुझं. स्वानंद कसा आहे?"

"आत पडलाय. शेक घेतोय."

अजिंक्यनं भिंतीवरच्या फोटोकडं ओझरतं पाहिलं, हार तेवढा दिसला, आणि त्यानं मान खाली घातली. "काकांना आधीपासून त्रास होता?"

"घशाचा," मृदुला म्हणाली, आणि तिला एकदम राहवेना. फाटक हळू ओढणारे सासरे, तोंडावर हात धरलेली इरा, वाकलेला नवरा, सगळं एकदम वर आलं. "माझ्यामुळं झालं हे सगळं. एका खोलीसाठी हट्ट धरला मी. घराचं घरपण घालवलं."

"असं मनाला लावून घेऊ नका वहिनी," अजिंक्य कातर आवाजात म्हणाला. "माणसाच्या हातात नसतं हे."

त्याच क्षणी बाहेर मोरीशी कुणीतरी खाकरलं.

तो आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. चौकातली कुत्री भुंकली. पाठोपाठ सुरेंद्र पिशवी घेऊन दारात. "काय ती भोसरी. रात्रभर प्रेस धडधडतात. आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, घरी सध्या शांतता आहे, दोन तास झोपून यावं." मग त्यांना चटईवरची मंडळी दिसली आणि अजिंक्यच्या हातातला सुटलेला पुडा. "अरे वा. हार? कुणाला?"

अजिंक्य उभा राहिला होता. त्याचा चेहरा शर्टाच्या रंगाचा झाला होता. "तुमच्यासाठीच आणला होता काका," तो कसाबसा म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

सुरेंद्रांनी तत्परतेनं मान पुढं केली. निरोप समारंभात सवय झाली होती. आणि अजिंक्यला दुसरं काहीच न सुचल्यामुळं त्यानं तो पांढऱ्या शेवंतीचा हार त्यांच्या गळ्यात घातला.

इरा आतून आली. आजोबांना पाहिलं, आणि तिला आठवडाभराचं रडू एकदम फुटलं. गुडघ्याचं, गेलेल्या आजोबांचं, सगळ्याचं. मोठ्यानं, तोंड आ करून. कुणीही तिला गप केलं नाही. ते ऐकून तोमाज जिन्यावरून धडाधड उतरला, हार घातलेले सुरेंद्र बघून दोन पायऱ्यांवर थबकला, मग येऊन त्यानं त्यांना मिठीच मारली. सुरेंद्रांना वाटलं, हाही सत्काराचाच भाग.

पुढची दहा मिनिटं सगळे एकाच वेळी बोलत होते, तीन भाषांत. अनुयानं एकेक धागा सोडवला. स्वानंद पाठ धरून हसत हसत बाहेर आला. अजिंक्य कोपऱ्यात तोंड लपवून बसला. तोमाज डोळे पुसत म्हणाला ते अनुयानं मराठीत सांगितलं.

"म्हणतोय, मी ट्रक नको म्हणालो होतो. माणसं नको असं कुठं म्हणालो? त्याच्या आईची बेकरी होती. तो वर झोपायचा, खाली पहाटे तीनपासून बायका कणीक मळत भांडायच्या. इथं आल्यापासून त्याला झोप नाही. भीती वाटायची म्हणे. नळसुद्धा करंगळीएवढाच सोडायचा, तुम्हाला त्रास नको म्हणून. आणि दहा दिवस मीठ मागितलं नाही त्यानं."

मृदुलाला हसावं की रडावं कळेना. तिनं जिन्याशी ठेवलेल्या बॅगेकडं पाहिलं. अजिंक्यनंही पाहिलं आणि काहीतरी उपयोगी पडावं म्हणून घाईनं विचारलं, "सामान गाडीत ठेवू का?"

तोमाज बॅगेशी गेला. इरा तिथंच पायरीवर हुंदके देत बसली होती. तो तिच्या शेजारी बसला, कुलूप उघडलं, आत हात घालून एक मोठी खाऊची पेटी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. मग उठून बॅग उचलली आणि वर गेला. या वेळी पाय दणदण आपटत.

त्या दुपारी विमलबाईंची फ्रीजमधली सगळी पातेली बाहेर आली. तोमाजनं ठेचा खाल्ला, लाल झाला, पाणी प्यायला, आणि पुन्हा मागितला. "व्हय, ह्यो आता माणसात आला," विमलबाई म्हणाल्या आणि स्वतः वाढायला बसल्या. खंडूनं स्पीकर इतक्या मोठ्यानं लावला की त्यात मेथी होती की मिरवणूक, कळेना. अर्जुनराव मात्र थोडे हिरमुसले. त्यांचं अध्यक्षपद गेलं होतं.

पंधरावा दिवस सरला. सोळाव्या दिवशी सकाळी मृदुला टेबल पुसायला गेली तर फुलदाणीखाली काहीच नव्हतं.

"विमावाल्याला काय सांगितलंत बाबा?"

"सांगितलं, खोली चांगली आहे, पण खाली आवाज फार असतो." सुरेंद्रांनी वर्तमानपत्राआडूनच उत्तर दिलं.

महिन्याभरानं तोमाज गेला. त्याच आठवड्यात अनुयाचा फोन आला. मृदुलाच्या फोनची घंटा आता खणखणीत वाजत असे.

"पुढच्या सोमवारी दोघं येतायत. नवरा-बायको, तीन महिन्यांसाठी. पण एक अडचण आहे. आठ महिन्यांचं बाळ आहे त्यांचं. दोन हॉटेलांनी नको म्हटलंय. फार रडतं म्हणे. तुला चालेल का, नीट विचार करून सांग."

मृदुलाच्या एका कडेवर इरा होती आणि ती, खिडकीतला कावळा उडाला म्हणून, जीव खाऊन ओरडत होती. मृदुलानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि स्वानंदला हातानं खूण केली, पलंगाखालचा पाळणा काढ.

"पाठव," ती म्हणाली. "इथं त्याला रडायला सोबत मिळेल."